सात किलोतला पाडवा

सहलीच्या तारखा आम्ही पंचांग बघून ठरवल्या नाहीत, नळ बघून ठरवल्या. संभाजीनगरात राहणाऱ्याला हे फोडून सांगावं लागत नाही. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर नाथसागर तुडुंब असला तरी आमच्या गल्लीत पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या. आणि येतं तेव्हा बहुधा पहाटे तीन-साडेतीनला, चोरासारखं. त्यामुळं मी "सोळा मार्चला निघू" म्हणालो तेव्हा शेठनं आधी बोटं मोजली. "सोळाला जमतंय. पंधराला नळ आहे."

पंचांग उघडलं असतं तर बरं झालं असतं. पाडवा मध्येच येतोय हे कळलं तेव्हा परतीची तिकिटं काढून झाली होती, आणि पैसे परत न मिळणारी होती. चार घरांत चार वेगवेगळ्या सुरांत एकच वाक्य ऐकू आलं, "जा तुम्ही. आम्ही उभारू गुढी."

आम्ही चौघं सरस्वती भुवनमधले, एकाच वर्गातले. शेठचं गुलमंडीकडं भांड्यांचं दुकान. मास्तर आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त. डॉक्टर जनावरांचा, माणसाला ताप आला तरी सवयीनं आधी कान चाचपून बघतो. मी वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडं. साठी चौघांचीही उलटलेली.

पाठीवर सॅक टाकून फिरायची कल्पना डॉक्टरच्या मुलीची. "बाबा, टूरवाल्यांबरोबर जाऊ नका. ते बँकॉकला नेऊन पनीर खाऊ घालतात आणि परत आणतात." आता लेण्यांमुळं आमच्या गावाला पाठीवर बिऱ्हाड घेतलेला गोरा काही नवा नाही. वेरूळच्या एसटीत तो गुडघ्यात सॅक धरून बसायचा, केळी खायचा आणि प्रत्येक पाटी वाचायचा. आम्ही पोरं त्याच्यामागं पेन मागत पळायचो. आजी म्हणायची, "बिचाऱ्याला हमाल परवडत नसंल." पन्नास वर्षांनी तीच वेळ आमच्यावर आली, तीही हौसेनं.

स्वस्त विमानात केबिनमध्ये माणशी सात किलो. शेठनं दुकानातला हुकाचा काटा आणला आणि डॉक्टरच्या ओसरीवर चारही सॅका टांगून मोजल्या. माझी सहा आठशे. मास्तरांची नऊ भरली, कारण वहिनींनी दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि अर्धा किलो येसर घातला होता. येसर म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या मराठी माणसालाही समजावताना जीव जातो. मास्तरांनी ते पुढं तीन देशांच्या अधिकाऱ्यांना समजावलं. तपकिरी पूड, निनावी पिशवी, वर रबर. बालीच्या विमानतळावरच्या बाईंनी पिशवी नाकाशी नेली, शिंकल्या आणि हातानंच 'जा' म्हणाल्या. मुंबईत मात्र काउंटरच्या काट्यावर शेठची सॅक सात दोनशे दाखवायला लागली. "तुमचा काटा चुकतोय," शेठ म्हणाला. "आमच्यावर सरकारी शिक्का असतो." मागं साठ माणसांची रांग होती. शेवटी त्यानं चप्पल काढून पायात बूट घातले, चप्पल खिशात कोंबली, आणि दोनशे ग्रॅमवरून भारत सरकारच्या वजनमापे खात्याची अब्रू वाचली.

पासपोर्टांचाही एक घोळ होता. दोघांच्या पासपोर्टात गाव औरंगाबाद, दोघांच्यात छत्रपती संभाजीनगर. खाओसान रोडजवळच्या हॉस्टेलातल्या पोरीनं विचारलं, "दोन गावांहून आलात, मग ओळख कुठं झाली?" मास्तरांनी १६१० सालच्या मलिक अंबरच्या खडकीपासून सुरुवात केली. ते फत्तेहनगरापर्यंत पोचले तेव्हा तिनं चौघांनाही चाव्या देऊन टाकल्या होत्या.

आठ खाटांची खोली, एकावर एक. मास्तर पुन्हा काउंटरवर गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "लोअर बर्थ. सिनियर सिटिझन." पोरीला शब्द कळले नसावेत, पण गुडघ्यांकडं बघून अर्थ कळला. खालच्या दोन खाटा मास्तर आणि शेठला मिळाल्या. मी वर. त्या शिडीच्या पायऱ्या गोल पाइपाच्या असतात आणि अनवाणी तळव्याला रात्री दोन वाजता त्या काय वाटतात हे ज्याचा प्रोस्टेट शाबूत आहे त्याला कळायचं नाही. खाली रस्त्यावर गाणी पहाटेपर्यंत. समोरच्या खाटेवरचा जर्मन पोरगा ढाराढूर. रस्त्याच्या कडेला हिरव्या पानाच्या पाट्यांची दुकानं ओळीनं; शेठला वाटलं कृषी सेवा केंद्रं आहेत. आत जाऊन आला तो डोळे विस्फारून, "अबे, गांजा आहे! काचेच्या बरण्यांत, वर भाव लिहून!" त्याला गांजाचं नव्हे, बरण्यांचं कौतुक होतं. घाऊक कुठं मिळतात म्हणून तो विचारूनही आला.

वाट फोला तिकीट तीनशे बाहत, म्हणजे आपले साडेसातशेच्या वर. थाई माणसाला फुकट. वेरूळला आम्ही चाळीस रुपये देऊन आत जाताना सहाशेच्या तिकिटाचा गोरा बघायचो आणि मनातल्या मनात सुखावायचो. आज आम्ही गोऱ्याच्या रांगेत. डॉक्टर म्हणाला, "फिटलं."

आत शेहेचाळीस मीटर लांब, पंधरा मीटर उंच, सोन्याच्या वर्खातला, कुशीवर पहुडलेला बुद्ध. खांबांमधून एका वेळी त्याचा तुकडाच दिसतो. कपाळ, मग खांदा, मग बरंच चालल्यावर पाय. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकीत १०८ मंगलचिन्हं. पाठीमागच्या भिंतीशी काशाची १०८ पात्रं ओळीनं मांडलेली. एकेक नाणं टाकत जायचं. टण्, टण्, टण्. लोक डोळे मिटून टाकत होते. शेठ कान देऊन टाकत होता. चाळिसाव्या पात्राशी तो थबकला, मागं गेला, पुन्हा एक नाणं टाकलं. "हे तडकलंय," तो हळूच म्हणाला. "आवाज फुटतोय बघ." आम्हाला काहीच फरक कळला नाही. त्यानं पाटीतली उरलेली सगळी नाणी त्या एकाच पात्रात टाकली, दुखण्याला जास्त औषध द्यावं तशी.

आमच्याच हॉस्टेलातला तो जर्मन पोरगाही तिथं भेटला. आम्ही कुठले हे कळताच उजळला. अजिंठ्याला तो तीन दिवस जाऊन आला होता. "सव्वीस नंबरच्या लेण्यात असाच झोपलेला बुद्ध आहे ना? खाली रडणारे शिष्य. मला तो जास्त आवडला." चौघांनी जोरजोरात माना हलवल्या. तो गेल्यावर मी विचारलं, "आहे का रे?" शांतता. मास्तर आयुष्यभर पोरांच्या सहली नेत आले, पण सव्वीस नंबरपर्यंत जायच्या आत डबे उघडले जात. मी शाळेच्या सहलीनंतर गेलोच नव्हतो. शेठकडं तर कायमचं कारण होतं, त्याचं दुकान सोमवारी बंद आणि अजिंठाही सोमवारी बंद. दीडदोन हजार मैलांवर येऊन एका जर्मनानं आम्हाला आमच्या घराच्या मागच्या खोलीत काय ठेवलंय ते सांगितलं. डॉक्टर म्हणाला, "परत गेल्यावर जाऊ." हे वाक्य आम्ही आजही म्हणतो.

बँकॉकहून मलेशियाच्या सीमेवरच्या पडांग बेसारला रात्रीची गाडी जाते. थायलंडचे रूळ मीटरगेज. डबा त्या विशिष्ट लयीत हलायला लागला आणि आम्ही चौघं एकदम गप्प झालो. आमच्या लहानपणीची मनमाड-काचीगुडा अशीच हलायची. निजामाच्या काळातली ती छोटी लाइन कधीच रुंद झाली, पण कुशीला तिचा हेलकावा अजून पाठ होता. मास्तर एकाच रात्रीत वीस वर्षांची झोप झोपले. सकाळी सीमेवर एकाच स्टेशनात एका खिडकीवर थायलंड संपलं आणि दुसऱ्या खिडकीवर मलेशिया सुरू झालं. घड्याळ मात्र एक तास पुढं. शेठ हळहळला, "फुकट तास गेला."

पेनांग बेटावर जॉर्जटाउनात आम्ही चार दिवस होतो, त्यात सांगण्यासारखं खाणंच. रमजान चालू होता. संध्याकाळी रस्त्याकडेला पाट्या, पातेली, वाफा, आणि खरेदीला जमलेली झुंबड बघून चौघांनाही आमच्या गावच्या बुढ्ढी लेनची आठवण झाली. तमिळ मुसलमानांची नासी कांदार म्हणजे भातावर पाचसहा रस्से एकमेकांत मिसळून ओतणं. डॉक्टरनं पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "नान-खलिया नाही, पण खलियाचा चुलतभाऊ आहे." शेठचं लक्ष दुसरीकडं. नळाशेजारी पाटीवर रोमन अक्षरांत 'एअर' लिहिलेलं. मलय भाषेत त्याचा उच्चार 'आयर' आणि अर्थ पाणी. "बरोबर आहे," शेठ म्हणाला. "आपल्याकडंही नळातून तेच येतं. एअर."

पाट्यांचा खरा धिंगाणा बालीत झाला. उबुदजवळ 'गोवा गजह' बघायला निघालो तेव्हा शेठला वाटलं, बालीतही एक गोवा आहे. मास्तर खुलले. गोवा म्हणजे गुहा, गजह म्हणजे गज. पायऱ्यांच्या तोंडाशी मोठी पाटी होती, 'हाती-हाती'. "बघा!" मास्तर म्हणाले, "द्विरुक्ती. हत्तीच हत्ती." आणि मान उंच करून हत्ती शोधत उतरताना दोन पायऱ्या चुकले, बसतच खाली गेले. 'हाती-हाती' म्हणजे 'जपून' हे त्यांना उचलणाऱ्या माणसानं सांगितलं. पुढं विजेच्या खांबावर 'आवास' दिसलं, तेव्हा मी "घरकुल योजना का?" असं विचारलं. मास्तर बोलले नाहीत. तोही धोक्याचाच शब्द निघाला.

गुहेचं तोंड मात्र भारी, डोळे वटारलेला राक्षस आ वासून उभा. आत वाकून गेलो. दहा-बारा पावलांत बोगदा संपला, डावीकडं गणपती, उजवीकडं लिंगं, झालं. आम्ही बाहेर येऊन आणखी कुठं रस्ता आहे का ते शोधलं. नव्हता. "पन्नास हजार!" शेठ म्हणाला. पन्नास हजार रुपिया म्हणजे आपले अडीचशे-पावणेतीनशे, पण आकडा छातीत भरतो. विमानतळावर व्हिसा पाच लाख आणि बेटाचा पर्यटन कर दीड लाख; पाऊल टाकताच चौघांचे मिळून सव्वीस लाख गेले होते, आणि तेव्हापासून शेठ झोपेत बोलायला लागला होता. "वेरूळला चाळीस रुपयांत चौतीस लेणी," तो म्हणाला. "त्यात एक अख्खं कैलास." वेरूळचा इतका कडवा अभिमानी मी आधी पाहिलेला नाही. कैलास लेण्यात तोही लग्नाच्या वर्षी गेला होता, एकदाच.

२८ मार्चच्या दुपारी म्यानमारात मोठा भूकंप झाला. बँकॉकही हादरलं, तिथं एक बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळून कामगार गाडले गेले. बँकॉक सोडून आम्हाला आठवडा झाला होता, पण घरच्यांच्या भूगोलात आम्ही जिथं असू तिथंच बँकॉक. तासभर चौघांचे फोन वाजत राहिले. उबुदला आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या घरमालकांनी, तिकडं वडीलधाऱ्याला 'बापाक' म्हणतात आणि हाक मारताना नुसतं 'पाक', सगळं बोलणं होऊ दिलं. मग शांतपणे विचारलं, "उद्याचं घरी सांगितलंत ना?"

उद्याचं काय?

उद्या न्येपी. बालीचा नववर्षदिन. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत अख्खं बेट गप्प. विमानतळ बंद, रस्ते बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. चार नेम: अमाती गेनी, अमाती कार्य, अमाती लेलुंगन, अमाती लेलांगुवन. आग पेटवायची नाही, काम करायचं नाही, प्रवास करायचा नाही, करमणूक करायची नाही. पाहुण्यांनाही फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मास्तर 'गेनी म्हणजे अग्नी, कार्य तर कार्यच' यात रमले असताना त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली. 'शक १९४७'. ते खुर्चीवर चढले. नाक लावून वाचलं. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा दहावीच्या निकालातल्या पालकासारखा झाला होता.

"अरे, शके १९४७! आपलं! शालिवाहनाचं! पैठणचं!"

पैठण आमच्यापासून तासाभरावर. तिथल्या शालिवाहनानं मातीचे सैनिक करून त्यांच्यात जीव ओतला, शत्रूला पळवलं आणि शक सुरू केला ही गोष्ट प्रत्येक मराठवाडी पोरानं ऐकलेली. आमच्या कालनिर्णयावरचा आकडा समुद्रापार उबुदच्या भिंतीवर टांगलेला. फरक इतकाच, यांचं वर्ष २९ला लागत होतं आणि आपला पाडवा ३०ला. "अडीच तास पुढं आहेत ना आपल्या," शेठ म्हणाला. "व्याजासकट एक दिवस."

त्या संध्याकाळी रस्त्यावर ओगोह-ओगोह निघाले. बांबू, कागद, रंगानं केलेले दोन-दोन मजली राक्षस. सुळे, जिभा, लोंबते केस. बांबूच्या चौकटीवर तीस-चाळीस पोरांच्या खांद्यावर. चौकात आले की पोरं त्यांना गरागरा फिरवतात, भुतांना दिशा कळू नये म्हणून. विसर्जन मिरवणुकीत वाढलेले आम्ही. डॉक्टर दोन मिनिटांत एका चौकटीच्या कोपऱ्याखाली खांदा देऊन ओरडत होता. "शालिवाहनाची फौज!" मास्तर किंचाळले. त्या गोंगाटात त्यांचं कुणी ऐकलं नाही, हे बरं झालं.

आणि सकाळी सहाला सगळं थांबलं.

थांबलं म्हणजे काय, ते सांगणं अवघड आहे. आमच्या पिढीनं बारा-बारा तासांचं लोडशेडिंग काढलंय, त्यामुळं अंधाराची धास्ती नव्हती. पण लोडशेडिंगला आवाज असतो: जनरेटर, शेजाऱ्याच्या शिव्या, "आली!" असा गल्लीभर ओरडा. इथं दुचाकी नाही, भांडं नाही, कुणाचं खोकणं नाही. काळ्यापांढऱ्या चौकटीचं सोवळं नेसलेले पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, तेवढे रस्त्यावरून अनवाणी फिरत. आम्ही थंड धपाटे खाल्ले. कुजबुजत पत्ते खेळायला बसलो, मग ती करमणूक ठरेल म्हणून मास्तरांनी पत्ते आवरले. दुपारी शेठ घोरायला लागला तेव्हा फाटकाशी एक पेचालांग येऊन उभा राहिला. पाकनी खुणेनं काहीतरी सांगितलं. तो हसला आणि गेला. घोरणं चार नेमांत कुठं बसतं यावर दोघांची बहुधा चर्चा झाली असावी.

शेठनं आदल्या रात्रीच घरातल्या सगळ्या बादल्या, मग, दोन टोप आणि आमच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या. पाकनी सांगून पाहिलं, पाणी बंद होत नाही. "असंच म्हणतात," शेठ म्हणाला.

रात्री अंगणात चटईवर पडलो. अमावस्या, आणि अख्ख्या बेटावर एक दिवा नाही. आकाशाचा मधला पट्टा चुन्याचं बोट ओढल्यासारखा पांढरा. मला वाटलं ढग आहे. डॉक्टर म्हणाला, "आकाशगंगा आहे ती, गाढवा." जनावरांच्या डॉक्टरनं गाढव म्हटलं की त्यात निदानाचा सूर असतो. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग अंधारातून शेठचा बारीक आवाज आला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाडव्याला गल्ल्यावर नाहीये मी. आत्ता तांब्यांची गर्दी असंल दुकानात." आणि मास्तर उठून बसले. "मग गुढीचं काय?"

तयारी अंधारात, कुजबुजत, चाचपत झाली. काठी म्हणून पाकच्या न्हाणीघरातला फरशी पुसायचा दांडा. वस्त्र म्हणून डॉक्टरनं बायकोसाठी घेतलेलं बाटिक, "डाग पडला तर तुम्ही सांगायचं" या अटीवर. साखरेची गाठी नव्हती, पाकच्या सुनेनं ताडाच्या गुळाचा खडा दिला, तिकडं त्याला 'गुला' म्हणतात, आणि मास्तर हळव्या आवाजात पुटपुटले, "गूळच की रे." कडुनिंबाचा प्रश्न मास्तरांनीच सोडवला. त्यांच्या साखरेच्या औषधाच्या कॅप्सूल कडुनिंबाच्या निघाल्या. दोन फोडल्या.

अडलं ते तांब्याशी. भांड्यांच्या व्यापाऱ्याकडं तांब्या नाही! शेठला ते फार लागलं. दर पाडव्याला शंभरांनी तांबे विकणारा माणूस स्टीलच्या चहाच्या पेल्याकडं बघून मान फिरवत होता. सहा वाजता बेटावर कुठंतरी पहिली दुचाकी फुरफुरली आणि पाक बाहेर आले. आम्ही काय करतोय ते थोडं बघितलं, आत गेले आणि पूजेचं नक्षीचं भांडं घेऊन आले, त्याला ते 'बोकोर' म्हणतात. शेठनं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, मग राहवेना म्हणून नखानं हळूच टिचकी मारली. "अ‍ॅल्युमिनियम," तो माझ्या कानात म्हणाला. "पण काम सुबक आहे."

सूर्य वर आला तेव्हा गुढी जिन्याच्या कठड्याला बांधून उभी होती. कॅप्सूलची पूड आणि गुळाचा खडा सगळ्यांनी चाखला. पाकनीही, डोळे मिचकावत. मग ते गुढीभोवती एक फेरी मारून आले. "पेंजोर," ते म्हणाले. गालुंगानच्या सणाला ते लोक दारात नक्षीचा उंच बांबू उभारतात, तो पेंजोर. "पण पेंजोरचं टोक वाकलेलं असतं. डोंगरापुढं मान लववतं. तुमचं सरळ का?"

मास्तर उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात बेटाचं इंटरनेट परतलं. चारही फोन एकदम थरथरले. शुभेच्छांचे शेकडो मोर, कलश, तोरणं. आणि त्यातून शेठचा फोन वाजला, वहिनींचा. आपल्याकडं पहाटेचे साडेतीन-पावणेचार.

"अहो, नळ आलाय! पाईप कुठं ठेवलाय?"

शेठ गुढीसमोर ताठ उभा राहिला. एक हात कानाशी, दुसरा हवेत. "कूलरच्या मागं! हिरवा नाही, निळा! आधी ड्रम, मग टाकी! मोटर लावू नको, आधी हवा जाऊ दे! जाऊ दे हवा! गेली? आता लाव! लाव, लाव, लाव!"

चोवीस तासांच्या शांततेनंतर अंगणात उमटलेला तो पहिला मोठा आवाज. पाकनी सुनेला खूण केली, तिनं डोक्यावर पदरासारखं कापड घेतलं, आणि दोघंही हात जोडून, मान लववून, मंत्र संपायची वाट बघत उभे राहिले.